दिंडीतली तक्रार दिंडीतच ऐका : गोव्यातल्या पायी दिंड्यांच्या चालकांना खुले पत्र

गोव्यातून पंढरपूरला पायी दिंड्या नेणारे सर्व चालक, विणेकरी आणि जाणते माळकरी यांस,

सप्रेम रामकृष्णहरी.

यंदाच्या वारीची नावनोंदणी सुरू झाली आहे. दिंडी निघण्याआधी तुमच्या बैठका होतील. मुक्काम ठरतील, सामानाचा टेंपो ठरेल, तांदूळ-डाळीचा आणि गॅसच्या सिलिंडरांचा हिशोब होईल, ताडपत्र्या मोजल्या जातील. त्याच बैठकीत आणखी एक विषय घ्यावा, अशी विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. आपल्या चालणाऱ्या माणसांचा मोबाईलवरून जो न्यायनिवाडा चालतो, त्याचा हा विषय आहे. पत्रात मी कोणाचेही नाव घेतलेले नाही, कारण मला कोणाला उघडे पाडायचे नाही. ज्यांचा दिंडीत शब्द चालतो त्यांनी आता गप्प राहू नये, एवढेच मागायचे आहे.

माझी थोडी ओळख देते. मी आयुष्यभर परिचारिकेची नोकरी केली. निवृत्त झाल्यावर माळ घातली आणि दिंडीबरोबर चालू लागले. तेव्हापासून मुक्कामावर पाय बघण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. संध्याकाळी हरिपाठ आटोपला की शाळेच्या ओसरीवर नाहीतर देवळाच्या मंडपात मी चटई टाकून बसते आणि माणसे एकेक करून पाय पुढे करतात. आमची दिंडी चोर्ला घाट चढून कणकुंबी, जांबोटीवरून बेळगावला जाते. तिथून चिकोडी, अंकलीच्या बाजूने कृष्णा ओलांडून मिरज, मग सांगोला आणि पंढरपूर. तीनशेहून अधिक किलोमीटरची वाट आहे. घाटात पाऊस थांबत नाही. पायमोजे दिवसभर ओले राहतात, बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून सुटू लागते. बेळगाव मागे पडले की पाऊस विरळ होतो आणि मिरजेच्या पुढे ऊन तापते. घाटात मऊ पडलेली कातडी मग गरम डांबरी रस्त्यावर घासते आणि फोड येतात. दरवर्षी हाच क्रम असतो आणि तो मला पाठ झाला आहे.

गेल्या काही वर्षांत मात्र फोडांबरोबर आणखी काही माझ्या चटईपर्यंत येऊ लागले आहे. माणसे पाय दाखवायला संकोचतात. आधी आजूबाजूला बघतात, कोणाच्या हातात मोबाईल आहे का ते. "ताई, ग्रुपवर जाऊ देऊ नका हां," असे हळूच सांगतात. गुडघ्यावर लिंबाएवढी सूज आलेली असते, तरी टेंपोत बसायला तयार होत नाहीत. का, म्हणून विचारले तर उत्तर ठरलेले असते. गेल्या वर्षी कोणीतरी टेंपोत बसले होते, त्याचा फोटो फिरला आणि गावाला परत गेल्यावर लोक विचारू लागले, "काय रे, गाडीतून वारी केलीस म्हणे?"

डिचोली तालुक्यातल्या एका गृहस्थांची गोष्ट सांगते. वय साठीच्या पुढचे, मधुमेह जुना. त्यांच्या डॉक्टरांनी जाड तळव्याचे बूट घालूनच चालायचे असे बजावले होते आणि ते अगदी बरोबर होते. मधुमेह जुना झाला की पायांच्या नसा बधिर होत जातात. खडा टोचला, काच रुतली तरी कळत नाही, आणि झालेली जखम लवकर भरत नाही. अशा माणसाने घरातल्या घरातसुद्धा अनवाणी फिरायचे नसते. घाटाखाली केरीला दिंडीचा फोटो काढला गेला. तो आपल्या ग्रुपवर आला, तिथून फेसबुकवर गेला. फोटोत या गृहस्थांच्या धोतराखाली नवे कोरे बूट दिसत होते. खाली लोकांनी लिहिले की आमचे आजोबा अनवाणी गेले होते, की महागडे बूट घालून कसली आली आहे भक्ती, की विठ्ठलाला असला देखावा चालत नाही. मुलाने वडिलांना कौतुकाने तो फोटो पाठवला होता. वडिलांनी खालचे सगळे वाचले.

दुसऱ्या दिवशी बूट पिशवीत गेले. मला ते कळले तेव्हा टाचेखाली रुपयाएवढी जखम झाली होती आणि तिच्यात खडी रुतलेली होती. त्यांना ती दुखतही नव्हती, हेच तर भय. बेळगावात डॉक्टरांना दाखवून तिथूनच त्यांना घरी पाठवावे लागले. जाताना ते माझ्याशी बुटांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. "चालणे पुरे झाले नाही," एवढेच म्हणाले आणि डोळे पुसले. ज्यांनी लिहिले त्यांच्यापैकी एकालाही त्यांच्या पायांची स्थिती ठाऊक नव्हती, आणि कोणी विचारलीही नव्हती.

दुसरी गोष्ट एका मुलीची. वीस-बावीस वर्षांची, वाळपईकडची, पहिल्यांदाच आलेली. वाटेत विसावा झाला की ती बायकांबरोबर फुगडी घालायची आणि त्याचे रील करायची. तिच्या त्या रीलखाली काय काय लिहिले गेले ते मी इथे उतरवणार नाही. तिच्या कपड्यांबद्दल होते, आईबापांबद्दल होते, वारीची सहल केली म्हणून होते. हीच मुलगी रात्री सगळ्या निजल्या की भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे तेल, गरम करून आमच्यातल्या म्हाताऱ्या बायकांच्या भेगाळलेल्या टाचांना चोळत बसायची. मी तिला ते शिकवले नव्हते, तिच्या आजीने शिकवले होते. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून आंघोळीच्या पाण्याची रांग लावायची तीही तीच. यातले काही रीलमध्ये नव्हते, कारण त्या वेळी तिचे हात कामात असायचे. मिरजेला तिने मोबाईल बंद करून माझ्या पेटीत ठेवला. पंढरपुरात चंद्रभागेत स्नान झाले, कळसाचे दर्शन झाले, तरी तिने तो मागितला नाही. यंदा तिने नाव नोंदवलेले नाही. तिला फोन करून बघा, असे मी तिच्या दिंडीच्या चालकांना इथूनच सांगते.

आता त्याच वाटेवरची दुसरी बाजू सांगायला हवी. ती सांगितल्याशिवाय पत्र खोटे ठरेल.

कणकुंबीच्या पुढे मुसळधार पावसात आम्हाला एका शेतकऱ्याने घरात घेतले. आम्ही किती जण आहोत हे त्याने दारातून मोजलेसुद्धा नाही. त्याच्या घरच्या बायकांनी चुलीच्या वर दोऱ्या बांधून आमचे ओले कपडे रात्रभर शेकले. स्वतःच्या पोरांना गोठ्याच्या कडेला निजवले आणि आम्हाला कोरडी जागा दिली. सकाळी निघताना आमच्यातल्या एका बाईने पैसे पुढे केले, तर घरधनीण रागावलीच.

चिकोडीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला चपला दुरुस्त करणारा एक माणूस बसतो. आमच्यातल्या एका पोराचा पाय पट्टीमुळे बुटात जाईना. त्या माणसाने बूट हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला, एका बाजूने नीट कापला आणि मऊ चामड्याचा तुकडा लावून जागा मोठी करून दिली. कापायच्या आधी पोराला विचारले, "हा बूट परत नव्यासारखा नाही व्हायचा, चालेल ना?" त्या दिवसाची त्याची भवानी व्हायची होती, तरी त्याने पैसे घेतले नाहीत. बूट घालून वारी होते की नाही, हा प्रश्न त्याला पडलाच नाही. पायाला काय सोसते, एवढेच तो बघत होता.

त्याच भागात एका मुक्कामावर शेजारच्या घरातली म्हातारी आली. तिला मराठी येत नव्हते आणि आम्हाला कानडी येत नव्हते. तिने चुलीवर पाणी तापवले, घमेल्यात ओतले, मूठभर मीठ टाकले आणि एकेकीला हाताला धरून स्टुलावर बसवले. आमच्यातली एक बाई बेळगावपासून टेंपोत बसून आली होती. पाय धुवायची तिची वेळ आली तेव्हा ती मागे सरली. आपण चाललो नाही, आपल्याला हा मान नाही, असे तिला वाटले. म्हातारीला यातले काही कळायचे कारण नव्हते. तिने तिचा पाय ओढून पाण्यात घेतला आणि इतर सगळ्यांचे चोळले तसेच तिचेही तळवे चोळले. ती बाई हुंदके देऊन रडली. दुसऱ्या दिवशी ती चार-पाच किलोमीटर चालली. मी चालू नको म्हटले होते.

अशी माणसे मी किती सांगू? सांगोल्याच्या उघड्या माळावर ट्रॅक्टर थांबवून पाण्याचे जार उतरवून देणारे, शाळेची किल्ली आमच्या हाती सोपवून घरी जाणारे गुरुजी, रात्री दोन वाजता दवाखान्याचे दार उघडणारे डॉक्टर. यांच्यापैकी एकानेही आम्हाला किती चाललात, कुठून चाललात, सामान पाठीवर आहे की गाडीत आहे, माळ कधी घातली, उपास करता की नाही, असे विचारले नाही. आम्ही वाटेवर होतो, एवढे त्यांना पुरले.

आणि एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त छळते, म्हणून ती नीट सांगते. मोबाईलवर कडक शब्द लिहिणारी माणसे कोणी परकी नाहीत. त्यांच्यातल्या काहींना मी ओळखते. बुटांवर ज्यांनी लिहिले त्यांच्यातले एकजण दरवर्षी दिंडी निघते त्या पहाटे साखळीला वाळवंटीच्या काठी चहाचे पिंप घेऊन उभे असतात. म्हाताऱ्या माणसाचा हात धरून त्याला विठ्ठलापुरातल्या देवळाच्या पायऱ्या चढवताना मी त्यांना पाहिले आहे. त्यांचे मन कठोर नाही. ते समोर असते आणि त्यांनी ती टाच पाहिली असती, तर स्वतः बूट आणून घातले असते. मग फोटो बघताना असे काय होते? मला वाटते, फोटोत पाय दिसतो, दुखणे दिसत नाही. समोरचा माणूस उत्तर देऊ शकत नाही, त्याचा आवाज ऐकू येत नाही, आणि आपल्या आधी दहा जणांनी लिहिलेले असते. तेवढ्यात आपणही लिहून मोकळे होतो आणि पुढचा फोटो बघतो. पण ज्याच्यावर लिहिले तो ते तीनशे किलोमीटर घेऊन चालत असतो.

तुम्हां जाणत्या मंडळींना मी वारीची रीत सांगायची गरज नाही, पण एका रीतीची आठवण करून द्यायची आहे. माउलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाच्या तळावर समाजआरती होते. दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळमृदंगाचा गजर चाललेला असतो. चोपदार दंड उंचावतात, हाळी देतात आणि एवढा मोठा समाज एका क्षणात शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याजवळ जातात, काय झाले ते विचारतात, ऐकून घेतात, निवाडा करतात. मग हरवले-सापडलेले पुकारले जाते, दुसऱ्या दिवशीची निघण्याची वेळ सांगतात आणि आरती होते.

या रीतीत काय काय आहे ते बघा. तक्रार दाबायची नाही, ती टाळ वाजवून सगळ्यांच्या समोर करायची. पण ती करणारा तिथे हजर हवा आणि ज्याच्याबद्दल आहे तोही हजर हवा. ऐकून घेणारा कोणीतरी हवा. आणि ती त्याच संध्याकाळी मिटवायची, उद्याच्या वाटेवर न्यायची नाही. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी राहिलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी सोहळ्याला जी शिस्त लावली ती आजही चालते, ती धाकाने चालत नाही. ऐकले जाते अशी खात्री असते म्हणून चालते. त्यांना साथ देणाऱ्या शितोळे सरकारांच्या अंकलीतून माउलींचे अश्व आजही दरवर्षी आळंदीला निघतात. आपली दिंडी त्याच अंकलीकडून जाते. अश्वांचे दर्शन झाले असे आपण अभिमानाने सांगतो. मग त्या सोहळ्याची ही रीतही आपण का उचलू नये?

आपल्या दिंड्या लहान आहेत. आपल्याकडे चांदीचा दंड नाही आणि त्याची गरजही नाही. संध्याकाळी आरतीआधी विणेकऱ्यांनी वीणा छातीशी धरून एवढेच विचारावे, "कोणाचे काही म्हणणे आहे का?" सुरुवातीला कोणी बोलणार नाही. दोन-तीन मुक्काम गेले की बोलतील. पुढच्या रांगेतले वेगाने चालतात, मागच्या म्हाताऱ्या एकट्या पडतात. अमक्या मुक्कामी बायकांना आडोसा नव्हता. तमक्याने जेवणाच्या पंगतीत टोमणा मारला. यातले सगळे तिथल्या तिथे सुटण्यासारखे असते. ते सुटत नाही तेव्हाच ग्रुपवर जाते आणि तिथे गेले की त्याचे काय होते ते आपण पाहतो आहोत.

गाडीबद्दल आणि बुटांबद्दलही एकदा स्पष्ट व्हायला हवे. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली देहूहून पालखी सुरू केली असे सांगतात. तेव्हापासून आजवर वारीत किती बदल झाले! आज मोठ्या सोहळ्यातल्या दिंड्यांबरोबर ट्रक असतात, पाण्याचे टँकर असतात, फिरते दवाखाने असतात. ट्रकमध्ये स्वयंपाकाची भांडी जातात, तंबू जातात आणि ज्याला चालवत नाही तो वारकरीही जातो. त्याला कोणी कमी लेखत नाही. मग आपल्या गोव्यात ही सोवळी मोजमापे आली कुठून? आपल्याकडे तर ज्यांना पंढरपूर गाठत नाही ते आषाढीला साखळीच्या विठ्ठलापुरात येतात. कोणी पेडण्याहून, कोणी फोंड्याहून, कोणी बसने, कोणी मुलाच्या स्कूटरवर मागे बसून. त्यांची वारी झाली नाही, असे विठ्ठलापुरात उभे राहून म्हणण्याची कोणाची छाती आहे का?

काही टीका योग्य असते, हे मी मानते, आणि ती ऐकून घेतली पाहिजे. चोर्ला घाटात वळणावर दिंडी रस्ताभर पसरते तेव्हा मागून येणाऱ्या ट्रकवाल्याचा जीव टांगणीला लागतो, आपलाही जीव जाऊ शकतो. पहाटे अंधारात चालताना चमकणारे पट्टे अंगावर नसतात. चहाचे कप, पत्रावळ्या घाटात पडतात आणि ते पाणी खाली म्हादईच्या खोऱ्यात जाते. कर्ण्याचा आवाज गावातल्या आजाऱ्याला सोसत नाही. गावकऱ्यांनी यावर बोलायलाच हवे. पण त्यासाठी दिंडीचालकाचा फोन नंबर आहे, मुक्कामाचे गाव आहे, तिथली पंचायत आहे. ज्याला खरोखर कचरा उचलला जावा असे वाटते तो फोन करतो. गेल्या वर्षी एका गावातून तसा फोन आलाही होता. आपल्या पोरांनी परत जाऊन सगळा कचरा गोळा केला आणि त्या गावाने त्यांना पेज जेवू घातली. हे असे होते. माणसाला माणूस भेटला की बहुतेक वेळा होते.

हे फक्त आपल्या वारकऱ्यांपुरतेही नाही. तीन डिसेंबरला जुन्या गोव्याला गोंयच्या सायबाचे, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचे, फेस्त असते. त्याआधी नोव्हेनाच्या, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या, काळात बेळगाव-खानापूरकडचे, कारवारकडचे, सावंतवाडीकडचे ख्रिस्ती भाविक पायी येतात. आपण जून-जुलैत घाट चढून जातो, ते नोव्हेंबरात घाट उतरून येतात. त्यांच्या पायांनाही फोड येतात, त्यांच्यातही मधुमेही असतात, त्यांचीही पाठीमागे सामानाची गाडी असते. आणि त्यांच्याही फोटोखाली तीच भाषा असते, रस्ता अडवला, सहल काढली, यांना कामधंदा नाही. त्या दिवसांत माझ्या गावातले तरुण रात्री रस्त्याकडेला टेबल मांडून पाणी आणि केळी देतात. ते सगळे आपल्याच दिंडीतली मुले आहेत. मीही माझी पेटी घेऊन त्यांच्याबरोबर बसते. खानापूरकडच्या एका म्हाताऱ्याचा फोड मी मागच्या खेपेस साफ केला, तेव्हा त्याने माझ्या गळ्यातली माळ पाहिली आणि हात जोडून "देव बरें करूं", देव भले करो, असे म्हणाला. आपली मुले हे करतात, तर त्यांच्यावर आपण गर्व करावा आणि त्यांनी मोबाईलवर कोणाची निंदा केली तर त्यांना थांबवावे, ही दोन्ही कामे तुमची आहेत.

म्हणून बैठकीत काय ठरावे असे मला वाटते ते सांगते. दिंडी विठ्ठलापुरातून निघते तेव्हा नारळ वाढवल्यावर विणेकऱ्यांनी स्वतः, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगावे की बूट चालतील, काठी चालेल, टेंपोत बसलेले चालेल, चार मुक्काम करून परत गेलेले चालेल, आणि यावरून कोणी कोणाला बोलायचे नाही. हे परिचारिकेने सांगून उपयोग नाही, मी दरवर्षी सांगते. ज्याच्या खांद्यावर वीणा आहे त्याने सांगितले तर त्या मधुमेही गृहस्थांसारख्यांना ते पटेल. नाहीतर डॉक्टरचा सल्ला एकीकडे आणि समाजाची नजर दुसरीकडे, यात माणूस नजरेलाच घाबरतो.

टेंपोत बसलेल्याचा, पाय दाखवणाऱ्याचा, निजलेल्याचा, नदीवर किंवा टँकरवर आंघोळ करणाऱ्या बायकांचा फोटो काढायचा नाही, हा नियम करा. बाकीचे फोटो काढू द्या, रीलही करू द्या. तरुणांना वारी त्यांच्या पद्धतीने घरच्यांना दाखवावीशी वाटते, त्यात वावगे नाही. पण दुसऱ्याचा चेहरा असेल तर त्याला विचारून टाका. आणि ग्रुपवर कोणी आपल्या माणसाबद्दल वाईट लिहिले, तर अ‍ॅडमिनने ते पुसून गप्प बसू नये. लिहिणाऱ्याला फोन करावा. "तुम्ही एक टप्पा आमच्याबरोबर चाला, जांबोटीपासून बेळगावपर्यंत या, जेवण आमचे," असे मनापासून बोलवावे. मला खात्री आहे, निम्मे येतील. आणि जो येईल त्याला पहिल्या संध्याकाळी माझ्या चटईजवळ पाठवा. पाय धुवायला मला मदतीचा हात हवाच असतो.

बैठकीला मला बोलावले तर मी येईन. येताना औषधांची यादी आणते. जाड सुती पायमोजे, पेट्रोलियम जेली, निर्जंतुक सुया आणि गॉज, मीठ-साखरेची पाकिटे. गेल्या वर्षी सांगोल्याच्या अलीकडेच गॉज संपले होते, यंदा दुप्पट हवे. नावनोंदणीच्या फॉर्मात मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आणि जुने दुखणे यांच्यासाठी एक रकाना वाढवा. तो कागद ग्रुपवर टाकू नका, पाकिटात घालून माझ्याकडे द्या. आणि ज्यांनी गेल्या दोन-तीन वर्षांत येणे सोडले त्यांची नावे तुमच्या जुन्या वह्यांतून काढून ठेवा. आपण मिळून त्यांना एकेक करून फोन करू.

रामकृष्णहरी.

तुमच्याच दिंडीतली,
मुक्कामावर पाय बघणारी एक माळकरीण,
साखळी, गोवा